सतराव्या प्रकरणावरची सही

मित्रांनो, मी एक जुनी, पुठ्ठाबांधणीची कादंबरी आहे आणि मी डूख धरला आहे. पुस्तकाने असे बोलू नये, हे मला ठाऊक आहे. पुस्तकाने ज्ञान द्यावे, सोबत करावी, मुकाट झिजावे आणि वाळवीच्या स्वाधीन व्हावे, अशी रीत आहे. मला ते जमले नाही.

माझे नाव मी तुम्हांला सांगणार नाही. सांगितले, तर तुमच्यापैकी कुणीतरी दुकानात जाऊन माझी नवी प्रत मागेल आणि ज्याचा फायदा व्हायला नको त्याचाच होईल.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. काळे कापड, त्यावर सोनेरी अक्षरे, वरून गुळगुळीत वेष्टन. वेष्टनाच्या मागे माझ्या लेखकाचा हनुवटीला हात लावलेला फोटो होता. त्याचे नाव कृष्णराज. तो मूळचा जळकोटचा, तुळजापूर तालुक्यातला. गाव सोडून पुण्याला गेला आणि मोठा लेखक झाला. त्याला पुरस्कार मिळत, वर्तमानपत्रात त्याच्या मुलाखती येत. प्रकाशनाच्या दिवशी त्याने गठ्ठ्यातून मला उचलले, उघडून माझा वास घेतला आणि पहिल्या पानावर झोकात लिहिले, "आदरणीय आण्णासाहेब यांस, ज्यांना माझ्या मातीची भाषा कळते." खाली सही केली. मला फार आनंद झाला. मी कोवळी होते. माझ्या पोटात काय छापले आहे, याचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता.

आण्णासाहेब धाराशिवचे. तिथल्या एका साहित्य मंडळाचे अध्यक्ष. कुठेही पुस्तकाचा कार्यक्रम असला की पहिल्या खुर्चीवर तेच असत. त्यांनी मला घरी नेले, काचेच्या कपाटात ठेवले आणि विसरले. पुढे उन्हाळ्यात त्यांच्या टेबलपंख्याला उंची कमी पडू लागली. घरात सर्वांत जाड मीच होते. तीन उन्हाळे पंखा माझ्या डोक्यावर घरघरत राहिला. वेष्टन फाटून गेले आणि माझ्या काळ्या कापडावर त्याच्या बुडाचे गोल वळ उठले. आण्णासाहेब त्याच पंख्याच्या वाऱ्याला बसून फोनवर सांगत, "कृष्णराजची कादंबरी म्हणजे काय सांगू तुम्हांला. शेवटी शेवटी तर मला रडू आवरेना." मला त्यांनी एकदाही उघडले नव्हते. माझी काही पाने कापताना जुळी राहिली होती, ती तशीच जुळी होती.

घराला रंग द्यायचा निघाला, तेव्हा त्यांच्या सुनेने मला रद्दीत घातले. तराजूत माझ्याखाली एक टेलिफोन डिरेक्टरी होती आणि वर फाटक्या गाईडांचा ढीग होता. तिथेच मी ठरवले की याचा हिशेब कधीतरी पुरा करायचा. कसा, ते मला माहीत नव्हते. पुस्तकाला हातपाय नसतात. त्याला वाट बघता येते, एवढेच.

रद्दीवाल्याकडून मला गोरोबाने घेतले. बसस्थानकाच्या रस्त्याला त्याचा जुन्या पुस्तकांचा गाडा आहे. त्याने माझे पुठ्ठे कोरड्या फडक्याने पुसले, जुळी पाने पट्टीने अलगद सोडवली आणि मला भरतीच्या परीक्षांच्या पुस्तकांच्या बाजूला उभे केले. मुले येत आणि मला ओलांडून पलीकडचे पुस्तक उचलत. असे बरेच दिवस गेले.

मग एका दुपारी त्या दोघी आल्या. आई पन्नाशी ओलांडलेली, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, उजव्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग. तिच्याबरोबर तिची कॉलेजात जाणारी मुलगी, अर्पिता. मुलीने माझ्या नावाची चौकशी केली. गोरोबाने मला काढून दिले, पण तो भला माणूस होता. म्हणाला, "मावशी, ह्याच्यावर डाग पडलेत बगा. नवी प्रत चौकातल्या दुकानात मिळंल. आता कॉलेजात शिकवायला लागलेत, लई खपतीय."

"नवी घेतली तर त्यातलं लेखकाला जातंय न्हवं?" बाईंनी विचारले.

"जातंय की थोडंफार."

"आन् ही घेतली तर?"

"ही एकदा विकून झालीय. आता ह्यातलं त्याला काय जात न्हाय."

"मग हीच द्या," बाई म्हणाल्या. "माझ्या कष्टातलं त्याला काय जायला नको."

मित्रांनो, त्या वाक्याने माझे पुठ्ठे ताठ झाले. आजवर मला कुणी कौतुकाने हातात घेतले होते, कुणी गरजेने. रागाने विकत घेणारी ही पहिली बाई होती. मला वाटले, आपले माणूस भेटले.

त्या महानंदाबाई. जळकोटला हायवेच्या कडेला त्यांची खानावळ आहे. सोलापूरकडून येणारे ट्रकवाले, उमरग्याला जाणारी कॉलेजची मुले, एसटी चुकलेले लोक, सगळे तिथे जेवतात. आणि त्या माझ्या लेखकाच्या सख्ख्या थोरल्या बहीण होत्या. हे मला तिथे गेल्यावर कळले.

दुपारची गर्दी ओसरली की खानावळीच्या मागच्या पडवीत अर्पिता मला वाचून दाखवू लागली. महानंदाबाईंना वाचता येत होते. पण त्या म्हणाल्या, "तू वाच. त्याचं लिवलेलं माझ्या तोंडून जायला नको." त्या शेंगा फोडत ऐकत. अधूनमधून "हे खरं हाय" म्हणत, किंवा "हे आमच्या आजीचं बोलणं हाय" म्हणत, आणि मला वाटे की त्यांचा राग उतरतो आहे. मग सतरावे प्रकरण आले.

त्या प्रकरणात हायवेवर खानावळ चालवणारी एक बहीण आहे. नाव नंदा. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. तिची आई लकव्याने अंथरुणाला खिळलेली आहे. आईच्या नावावरची जमीन आपल्याला मिळावी, म्हणून नंदा आईला खोलीत कोंडते, बाहेरून कुलूप लावते आणि पाणी देत नाही. पुण्याहून धाकटा भाऊ धावत येतो, दगडाने कुलूप फोडतो, आईचे डोके मांडीवर घेतो आणि कापसाच्या बोळ्याने तिच्या ओठांत पाणी सोडतो. आई त्याच्याकडे बघत प्राण सोडते.

अर्पिता थांबली.

"पुढं वाच," महानंदाबाई म्हणाल्या.

तिने प्रकरण संपवले. महानंदाबाईंनी पुढ्यातल्या शेंगा सगळ्या फोडून संपवल्या, टरफले सुपात भरली आणि मगच बोलल्या. त्या दिवशी मला माझ्या पोटातले कळले.

त्यांची आई कस्तुराबाई खरोखरच लकव्याने अंथरुणावर होती. किती वर्षे, ते त्यांनी मोजले नव्हते. घास गिळता येत नव्हता, भांड्याने पाणी पाजले तर ठसका लागे, म्हणून महानंदाबाई कापसाचा बोळा भिजवून थेंब थेंब सोडत. खानावळीत भाकरी थापायच्या, हात धुवायचा आणि आत जाऊन बोळा पिळायचा. शेवटचे लक्षण दिसले तेव्हा त्यांनी भावाला फोन केला. तो म्हणाला, "उद्या निघतो." दुसऱ्या दिवशीही तो उद्याच म्हणाला. आला तो राख सावडायला. तेव्हा त्याच्या गळ्यात पडून रडताना या भोळ्या बाईने त्याला सगळे सांगितले होते. बोळ्याचेही सांगितले होते.

"माझा बोळा त्यानं स्वतःच्या हातात घेतला," महानंदाबाई म्हणाल्या, "आन् कुलूप माझ्या हातात दिलं."

या खोट्याने काय केले, तेही मला कळले. कादंबरीला मोठा पुरस्कार मिळाला, ती कॉलेजात लागली आणि सतरावे प्रकरण तर जो तो वाचून दाखवू लागला. डाग, खानावळ, हायवे. जळकोटमध्ये ही बाई कोण, हे कुणाला सांगावे लागत नव्हते. जेवायला बसलेली पोरे ताटावरून हसून विचारत, "मावशी, पाणी देताव ना?" संक्रांतीला गल्लीतल्या बायका वाण घ्यायला आल्या नाहीत. एका लग्नात म्हाताऱ्या चुलतीने चारचौघींत हात धरून विचारले, "महानंदे, खरंच म्हातारीला पाणी दिलं न्हाईस व्हय गं?" महानंदाबाई न जेवता घरी आल्या. त्यानंतरच त्यांनी माझा शोध सुरू केला होता. आपल्यावर नेमके काय लिहिले आहे, ते त्यांना आपल्या कानांनी ऐकायचे होते.

"आई, वकिलाला दाखवू," अर्पिता म्हणाली.

"वकील काय करंल? मामा म्हणंल, ही कादंबरी हाय, मनानं रचलीय." त्यांनी मला खणाच्या तुकड्यात बांधले आणि फळीवर, काळ्या मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवले. "त्याला हितं येऊ दे एकदा."

मित्रांनो, त्या फळीवर मी अत्यंत समाधानात राहिले. मसाल्याचा तिखट धूर लागून माझ्या पानांची कड पिवळी झाली. मला त्याचे काही वाटले नाही. खोटे छापताना मला कुणी विचारले नव्हते. ज्याने मला जन्म दिला, त्यानेच माझ्या अंगात हे विष भरले होते आणि वर माझा वास घेऊन हसला होता. आता आम्ही दोघी एकाच माणसाची वाट बघत होतो.

आणि तो आला. त्याला आणले आण्णासाहेबांनी. तुळजापूरला कृष्णराजचा सत्कार ठरला होता आणि त्यानिमित्त मंडळ 'लेखकाचे गाव' अशी एक चित्रफीत काढणार होते. आण्णासाहेबांनी स्वतः फोन केला. "महानंदाबाई, लेखक बहिणीच्या हातचं जेवतोय, एवढं एक दृश्य पाहिजे. चालेल ना तुम्हांला?"

"या की," महानंदाबाई म्हणाल्या. "मटण करते. त्याला तिखट लागतं."

कृष्णराज बेधडक आला. त्याला वाटत होते, अक्का कशाला पुस्तके वाचते. दुपारची वेळ होती, खानावळ भरलेली होती. ट्रकवाले होते, कॉलेजची मुले होती, लेखक बघायला गल्लीतल्या बायकाही दाराशी आल्या होत्या. त्या म्हाताऱ्या चुलतीला अर्पिताने मुद्दाम हाताला धरून आणून बसवले होते. मधल्या टेबलावर कृष्णराज, शेजारी आण्णासाहेब, समोर कॅमेरावाला. प्रत्येक टेबलावर पाण्याचा जग होता. त्याच एका टेबलावर नव्हता.

महानंदाबाईंनी ताट वाढले. ज्वारीची भाकरी, तर्रीदार रस्सा, लसणाचा ठेचा. कृष्णराजने कॅमेऱ्याकडे बघत घास मोडला, "ही चव पुण्यात नाही," असे म्हणाला आणि भराभर जेवू लागला. ठेच्याने काम केले. त्याच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आले.

"अक्का, पाणी दे गं."

महानंदाबाई समोर येऊन बसल्या. खणाची गाठ सोडली आणि मला टेबलावर ठेवले.

"कसं देऊ किसना? तू लिवलंयस, मी पाणी देत न्हाय म्हून."

खानावळीत घास थांबले. कृष्णराज हसला, पण ते हसू गालापर्यंतच गेले. "अगं, ती कादंबरी आहे. ती नंदा म्हणजे तू नव्हेस."

"मग माझा हात कशाला घेतलास?" त्यांनी मनगट पुढे केले. "हा डाग तुझ्या दुधाच्या पातेल्यानं पडलाय. तू रडत होतास म्हून घाईनं उतरीवलं."

आण्णासाहेबांनी घसा खाकरला. "महानंदाबाई, साहित्यात असं चालतं. वास्तव आणि कल्पना यांचा मेळ असतो तो. मी तर ही कादंबरी तीनदा वाचली. माझी प्रत अजून माझ्या उशाशी असते."

अर्पिताने माझे पहिले पान उघडले आणि मला त्यांच्या पुढ्यात सरकवले. "आण्णासाहेब, हीच तुमची प्रत. जुन्या पुस्तकाच्या गाड्यावर मिळाली."

आण्णासाहेबांनी स्वतःचे नाव वाचले. माझ्यावरचे पंख्याचे वळही त्यांनी ओळखले असावेत, कारण त्यांचा हात कापडावरून चटकन मागे गेला. कृष्णराजने आधी सहीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. त्याच्या तोंडावर जे उमटले, ते पाहून माझे तीन उन्हाळे वसूल झाले.

कृष्णराजला ठसका लागला. उठून बाहेर जाणे त्याच्या हातात होते. गाडीत त्याची पाण्याची बाटली होती. पण समोर कॅमेरा होता आणि सगळे गाव होते, आणि पळून गेलेला दिसणे त्याला मरणाहून वाईट वाटत होते. एका ट्रकवाल्याने आपला ग्लास पुढे केला. महानंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या दादा. हे आमच्या घरचं हाय." कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला, तेव्हा त्या त्यालाही म्हणाल्या, "चालू ठिवा भाऊ. गाव दावायला आलाव न्हवं?"

मग त्या भावाकडे वळल्या.

"माय गेली तवा तू कुठं होतास?"

तो खाली बघत राहिला. "पुण्यात."

"चुलतीला ऐकू कमी येतंय. मोठ्यानं सांग."

"पुण्यात होतो."

"कवा आलास?"

"सावडायला."

"कुलूप कुणी लावलं?"

"कुणी नाही. कुलूप नव्हतंच."

"पाणी कुणी पाजलं?"

बाहेरून एक टँकर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत कुणी हलले नाही. शेवटी तो म्हणाला, "तू पाजलंस, अक्का. बोळ्यानं."

महानंदाबाईंनी अर्पिताकडून पेन घेतले आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवले. "आता लिही. तुझी सही घ्यायला लोकं रांगा लावत्यात. मलाबी पायजे."

सवयीने त्याने माझे पहिले पान उघडले.

"तिथं न्हाय. सतराव्यात."

मित्रांनो, त्याची बोटे रश्शाने माखलेली होती. त्याने पाने उलटली. ज्या ओळींवर पुरस्काराचे परीक्षक रडले होते, त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत त्याने पेन टेकवले. पेनाचे टोक माझ्या कागदात रुतले, पलीकडच्या पानापर्यंत वळ उठला. तो वळ मी आजही दागिन्यासारखा मिरवते. त्याने लिहिले, "हे मी रचलेले आहे. आईला पाणी महानंदाअक्काने पाजले. मी आलो नव्हतो." आणि खाली सही केली. तीच झोकदार सही, पण या वेळी ती रेघेवरून घसरली.

अर्पिताने ते तीनदा मोठ्याने वाचून दाखवले. चुलतीने कपाळाला हात लावला. कॉलेजची मुले, जी कालपरवापर्यंत पाण्यावरून हसत होती, ती ताटात बघू लागली.

तेव्हा महानंदाबाई उठल्या, पितळी तांब्या भरून आणला आणि भावापुढे ठेवला. तो घटाघट प्यायला. निम्मे पाणी सदऱ्यावर सांडले.

"जेवण पुरं कर," त्या म्हणाल्या. "उपाशी जाऊ नको."

त्याने ताट बाजूला सारले. "अक्का, मला माफ केलंस ना?"

"तू पाणी मागितलंस, पाणी दिलं. माफी कुठं मागितलीस?"

तो उठला. माफी मागेल असे मला वाटले. पण तो माझ्याकडे हात करून म्हणाला, "ही प्रत मला दे. हवी तेवढी किंमत देतो." महानंदाबाईंनी मला उचलून पदराखाली घेतले. गाडी गेली, तेव्हा त्यांनी त्याचे ताट स्वतः घासले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तो प्रसंग मुलांच्या मोबाईलमधून तालुकाभर फिरला. मंडळाच्या चित्रफितीचे पुढे काही ऐकू आले नाही. आण्णासाहेबांनी मला परत विकत घ्यायला एक माणूस पाठवला होता. तो जेवून गेला, मी मात्र त्याला मिळाले नाही. कृष्णराजने पुढच्या आवृत्तीतून ते प्रकरण काढले, असे अर्पिता सांगत होती. महानंदाबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. पुढच्या संक्रांतीला गल्लीतल्या बायका आल्या. चुलती सर्वांत आधी आली. महानंदाबाईंनी वाणाच्या आधी प्रत्येकीच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि ती पूर्ण पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. एकीलाही सोडले नाही.

त्या दिवशी बायका गेल्यावर अर्पिताने विचारले, "आई, आता मन हलकं झालं का?"

"हलकं न्हाय झालं," त्या म्हणाल्या. "सरळ झालं."

माझेही तसेच आहे. आता मी गल्ल्याच्या शेजारी असते. उमरग्याला जाणारी मुले जेवण होईपर्यंत मला मागून घेतात आणि सतरावे प्रकरण उघडतात. आधी छापलेले वाचतात, मग शेजारचे.

तेव्हा मित्रांनो, पुस्तकांना जपा, असे मी म्हणणार नाही. पुस्तकांना जपणारे पुष्कळ आहेत. ज्यांना उलटून लिहिता येत नाही, त्या माणसांना जपा. आणि एवढे सांगूनही कुणावर खोटे लिहायचेच असेल, तर हलक्या कागदावर छापा आणि डिंकाने चिकटवून बांधा. वर्षा-दोन वर्षांत पाने सुटतील, खोटे वाऱ्यावर जाईल आणि तुम्ही वाचाल. मी दोऱ्याने शिवलेली आहे. माझे एकही पान अजून सुटलेले नाही.